इर्जिकीचं जेवण

बावीस वर्षं मी माझ्या रानात नांगर घातला नाही. त्यामागं विज्ञान-बिज्ञान काही नव्हतं. राग होता.

आधी ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझं नाव चंद्रकला. पांगरवाडीत माझी पाच एकर काळी. नवरा, दत्तराव, दोन हजार एकोणतीसच्या चैत्रात गेला. विहिरीवरून आला, पाणी मागितलं, आणि मी तांब्या घेऊन येईतो सगळं आटोपलं होतं. मी सेहेचाळीस वर्षांची, पोरगी दहावीत. तेरावं झालं आणि उन्हाळी नांगरटीचे दिवस आले. भावकीत ट्रॅक्टर एकच, मुंजाजीचा. मुंजाजी म्हणजे माझा चुलत दीर, आमच्या बांधाला त्याचा बांध. त्यानं आमचा हातभर बांध कोरला होता म्हणून दत्तरावाचं आणि त्याचं बिनसलेलं. तरी मी पदर खोचून त्याच्या दारात गेले.

"भाऊजी, तेवढा नांगर फिरवून द्या."

"उद्या बघू, वहिनी."

उद्याचा परवा झाला, परवाचा पंधरवडा झाला. रोहिण्या निघाल्या. मी रोज सकाळी त्याच्या दारासमोरून जायची, आणि तो रोज मान खाली घालून म्हणायचा, उद्या. शेवटी एक दिवस मारुतीच्या पारावर, सगळ्या गावासमोर मी त्याला सांगितलं, "मुंजाजी, तुझाच काय, कोणाचाच नांगर आता माझ्या रानात शिरणार नाही. मी जित्ती आहे तोवर नाही!" भाऊजी म्हणायचंही सोडलं त्या दिवशी. तिथून आमचा अबोला सुरू झाला.

शपथ घेणं सोपं असतं, माय. पेरायचं कसं? मी कुदळीच्या टोकानं गेल्या सालच्या धसकटातच भोकं पाडली आणि ज्वारी-तूर टोकली. तणानं मला खाऊन टाकलं. विळ्यानं कापायचं आणि तिथंच अंथरायचं, एवढंच हातात होतं. एकरी चार पोती व्हायची तिथं दीड पोतं झालं. गाव हसलं. पुढच्या साली मूग केला, त्यावर हरभरा, त्याच्या पुढं करडई. बियाणं जे घरात असेल ते, म्हणून पिकं आपोआप फिरत राहिली. पाच वर्षं मी गावाचं हसू ऐकलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसली मी. हार मानायची नव्हती, बस.

सहाव्या वर्षी पावसानं एकेचाळीस दिवस दडी मारली. गावातलं सोयाबीन माना टाकून बसलं. माझी तूर हिरवीगार. मी पालापाचोळा बाजूला सारून मातीत बोट घातलं, तर दोन पेरांवर ओल! मी तिथंच बसकण मारली. माती हातात घेतली तर रव्यासारखी कणीदार, आणि वास असा की कोणीतरी आत्ताच सडा घातलाय. त्या दिवशी राग संपला खरं तर. पण ते मी कोणाला सांगितलं नाही. पारावर कोणी विचारलं की, "काकू, तुमचं कसं काय टिकलं?" तर मी म्हणायची, "तुमच्या ट्रॅक्टरला विचारा!" आणि पुढं निघून जायची. गाव समजलं, बाई अजून मुंजाजीवर डूख धरून आहे. समजू दे, म्हटलं.

पुढची पंधरा-सोळा वर्षं अशीच गेली. पाऊस आता पूर्वीसारखा राहिलाच नाही. चार महिन्यांत सहा दणके देतो आणि मधे दीड-दीड महिना गायब. गाव सोयाबीनवर सोयाबीन घेत राहिलं. मे महिन्यात हातभर खोल पलटी नांगर, जूनमध्ये दोनदा रोटाव्हेटर. माती पिठासारखी झाली. पहिल्या दणक्यात वाहून जायची, उरली त्यावर पापडी धरायची. एकरी पोतं, मग पाऊण पोतं. नव्वद उंबऱ्यांचं गाव एकतीसवर आलं. शाळा बंद झाली. उरलेल्यांनी ग्रामसभेत बोलून ठेवलं होतं, हा एक खरीप बघायचा, नाहीतर सगळ्यांनीच उठायचं.

मधल्या काळात स्वरा आली. डॉक्टर स्वरा इंगोले, मातीतली डॉक्टर. वय जेमतेम तीस, पायात बूट, हातात छातीइतकी लोखंडी कांडी. ती कांडी मातीत खुपसली की टोकाचा दिवा पेटतो आणि मोबाईलवर आकडे उमटतात. गावानं त्याला थर्मामीटर नाव ठेवलं. "काकूच्या रानाला ताप आलाय, डॉक्टरीण बघायला आलीय," असं चालायचं.

स्वरानं मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. पानं हवेतला कार्बन, म्हणजे कर्ब, खातात आणि त्यातला थोडा मुळांवाटे खाली सोडतात. मुळांना बिलगून बुरशीचे धागे असतात, केसाहून बारीक. ते धागे डिंकासारखं काही सोडतात, त्यानं मातीचे कण चिकटून रवा बनतो, आणि त्या रव्याच्या आत कर्ब बंद होऊन बसतो, कणगीत धान्य असतं तसा. हा कर्ब पाणी धरतो, पिकाला पोसतो. नांगर फिरला की धागे तुटतात, कणगी फुटते, हवा आत शिरते, आणि जंतू तो कर्ब खाऊन पुन्हा हवेत सोडून देतात. नुसतं न नांगरूनही भागत नाही. एकच पीक असेल तर एकाच जातीचे धागे. तुरीची मुळं खोल, ज्वारीची पसरट, मूग-हरभऱ्याची वेगळी. पीक फिरलं तरच सगळ्या थरांत धागे जातात. वर पाचोळ्याचं पांघरूण हवं, नाहीतर ऊन भाजून काढतं.

"मुंजाजींच्या रानात शेकडा शून्य पॉइंट अठ्ठावीस कर्ब आहे," स्वरा म्हणाली. "तुमच्याकडे दीडच्या वर. काकू, मी सहाशे रानं तपासली. कोणी चौथ्या वर्षी नांगरलं, कोणी सातव्या. सलग बावीस वर्षं फक्त तुम्ही."

आणि मग तिनं तिचा शोध सांगितला. कर्ब दीडच्या वर गेला आणि जाळं पुरतं वाढलं की एक दिवस रानभरचे सगळे धागे एकमेकांना जुळतात. पाच एकरांचं एकच जितं जाळं. तसं जाळं जुळल्यावर त्या मातीची डिखळं अखंड कापून दुसऱ्या रानात पुरली, तर तिथं ती पसरतात. बावीस वर्षांचं काम तीन वर्षांत होतं. जुळायच्या आधी कापलं तर डिखळ मरतं. तिनं दोनदा नेऊन बघितलं होतं.

"अगं, मग सरळ विरजण म्हण की!" मी म्हटलं. तेव्हापासून तिच्या कचेरीतही सगळे विरजणच म्हणायला लागले.

जाळं पक्कं जुळलं का, हे कळायला चार-चार महिन्यांनी तीन मापं घ्यायची होती. सप्टेंबरचं जमलं, जानेवारीचं जमलं. तिसरं वीस मेला. ते जमलं की लगेच डिखळं कापायची आणि पावसाच्या आत चाळीस गावांना द्यायची. पहिला मान पांगरवाडीचा, असं मी बजावून ठेवलं होतं.

"तोवर कोणाला सांगू नका," स्वरा म्हणाली. "तिसरं माप चुकलं तर लोकांची आशा उगाच मोडेल."

"मी? मी कशाला सांगते!"

मला तर गुदगुल्या होत होत्या. खरं बोलते, मला पहिलं डिखळ माझ्या हातानं मुंजाजीच्या रानात पुरायचं होतं. त्याचं तोंड बघायचं होतं. त्यात थोडी जिरवायची हौस होती आणि थोडी मायाही होती. किती काय, ते मोजायला मी बसले नाही.

एप्रिलच्या शेवटी माझ्या पोटात असं दुखलं की जमिनीवर लोळले. पित्ताशयात खडे. पोरगी प्राजक्ता नांदेडहून गाडी घेऊन आली. मला गाडीत घालत होते तेव्हा मुंजाजीची बायको लता धावत आली. आमच्या जावाजावांत तसं वैर नव्हतं, पण जाणंयेणं बंदच होतं. तिनं माझा हात धरला. मला मरणाची भीती वाटली हो. मी तिच्यासमोर ढसाढसा रडले.

"लता, मी गेले तर माझं रान उजाड होईल गं. कोण बघणार त्याच्याकडं?"

बावीस वर्षांत मला रडताना कोणी पाहिलं नव्हतं. लतानं घरी जाऊन ते नवऱ्याला सांगितलं असणार. सांगणारच की.

ऑपरेशन झालं, पोरीकडं तीन आठवडे पडून राहिले. अठरा मेला म्हटलं, मला घरी सोड, परवा स्वरा येणार आहे. सत्तेचाळीस डिग्रीचं ऊन. दुपारी बाराला गाडी पांगरवाडीच्या वळणावर आली आणि मी प्राजक्ताला विचारलं, "अगं, हे कोणाचं रान?"

माझं रान बारा महिने पिवळट असतं, धसकटाचं आणि पाचोळ्याचं. हे काळंभोर होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत घागरीएवढी ढेकळं उलथून पडलेली. कडेला अकरा ट्रॅक्टर ओळीनं उभे, प्रत्येकाच्या तोंडाला झेंडूचा हार. लिंबाखाली सतरंज्या, पातेली, आणि उरलंसुरलं सगळं गाव. मी गाडीतून उतरले तशा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

इर्जिक घातली होती त्यांनी माझ्यासाठी.

इर्जिक आता कोणाला ठाऊक असेल नसेल. पूर्वी एखाद्याचं घर अडचणीत आलं, मालक अंथरुणाला खिळला, तर सगळं गाव आपापले बैल-नांगर घेऊन त्याच्या रानात उतरायचं. एका दिवसात नांगरून द्यायचं. मोबदला काही नाही. फक्त ज्याचं रान, त्यानं सगळ्यांना आपल्या हातानं वाढून जेवू घालायचं. आमच्याकडं चाळीस वर्षांत इर्जिक झाली नव्हती. बैलच उरले नव्हते, आणि कोणासाठी करावी असं माणूसही उरलं नव्हतं म्हणा. ती माझ्यासाठी झाली.

मुंजाजी पुढं आला. एकाहत्तर वर्षांचा, पाठीतून वाकलेला. डोक्याचा रुमाल काढून हातात धरलेला. बावीस वर्षांनी तो माझ्याशी पहिला शब्द बोलला.

"वहिनी, उद्या म्हणालो होतो. फार उशीर झाला. पण केलं बघा."

मी गाडीचं दार धरून उभी राहिले. तो पुढं बोलतच राहिला.

"माझ्यामुळं बावीस वर्षं तुमचं रान तसंच पडलं. मला रोज दिसायचं ते बांधावरून. लतानं सांगितलं तुम्ही कसं रडलात ते, मग मला राहवेना. हे सगळे म्हणाले, आम्हीही येतो. चांगलं दीड फूट खोल घेतलंय. चार दिवस झाले, मस्त तापतंय. जेवण तेवढं तुम्ही येईपर्यंत राखून ठेवलं होतं." मग आवाज खाली करून म्हणाला, "आणि तो बांधही मोजून सरळ केला. हातभर तुमच्याकडं दिला. दत्तूदादाचा होता तो."

मी बांधाकडं बघितलं. जुना बांध काढून, कडेची माती ओढून नवा घातला होता. नांगराच्या हातून सुटलेली कडेची पट्टी असते ना, तीही राहिली नव्हती.

मी रडायला लागले. लता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ताई, रडू नका. आनंदाच्या दिवशी कोणी रडतं का?" आणि सगळे हसले, मायेनं. कपाळ माझं!

तेवढ्यात स्वराची गाडी आली. दोन दिवस आधीच आली होती, डिखळं ठेवायच्या पेट्या आणि ओली पोती घेऊन. ती गाडीतून उतरली, रान बघितलं, आणि पांढरीफटक पडली. तोंड उघडून ती लोकांकडं निघाली, तशी मी तिचं मनगट धरलं. पोटाचे टाके ताणले गेले, पण सोडलं नाही.

"आधी जेवू दे त्यांना."

"काकू, काय झालंय कळतंय का तुम्हाला?"

"तुझ्यापेक्षा जास्त कळतंय. तू चार वर्षं आलीस, मी बावीस वर्षं इथं वाकलेय. इर्जिकीची माणसं उपाशी जात नाहीत. आधी जेवू दे."

ती कांडी घेऊन ट्रॅक्टरांच्या मागं रानात गेली. मी हात धुतले आणि वाढायला घेतलं. लतानं सगळा स्वयंपाक करून ठेवला होता. वरण, पोळ्या, वांग्याची भाजी, भात, गुळाचा शिरा. फक्त वाढायची थांबली होती, कारण इर्जिकीला घरधणिणीनंच वाढायचं असतं. मी एकेकाच्या ताटात वाढत गेले. ज्या हातांनी माझं रान मारलं त्या हातांत पोळ्या दिल्या. सगळ्यांना घाम फुटलेला, तळहातांना फोड आलेले. ट्रॅक्टर पोचले नाहीत ते कोपरे त्यांनी कुदळीनं खणले होते.

"वहिनी, आणखी एक पोळी," मुंजाजी म्हणाला. "आज पोटभर जेवतो तुमच्या हातचं."

मी वाढली. वरून तूप घातलं.

पंगत उठायच्या बेताला स्वरा परत आली. मला लिंबाच्या मागं घेऊन गेली. तिच्या हातात माझ्याच रानाचं एक ढेकूळ होतं. मी हुंगलं. भाजलेल्या विटेचा वास. आत धाग्यांचा पांढुरका जाळीदार रंग असायचा, तिथं तपकिरी भुगा होता.

"कर्ब अजून आहे," ती म्हणाली, "पण उघड्यावर पडलाय. दोन-तीन पावसांत उडायला लागेल. धागे शून्य. मी तेवीस ठिकाणी कांडी लावली. सगळीकडे शून्य."

"एखादा कोपरा?"

तिनं मान हलवली. मग रडत रडत म्हणाली, "काकू, मी सांगते यांना, की जानेवारीनंतर मशीन बिघडलं, जाळं कधी जुळलंच नव्हतं. यांना काय कळणार आहे? निदान हे सुखानं घरी जातील."

मी मुंजाजीकडं बघितलं. तो चूळ भरत होता आणि कोणाशी तरी हसत होता. त्याला हसताना मी तरुणपणानंतर बघितलं नव्हतं. खोटं बोलायचा मोह मला झाला, फार झाला. बोलले असते तर या उरल्या दिवसांत मला एक दीर मिळाला असता, एक जाऊ मिळाली असती. पण मग पुढच्या मेमध्ये हेच अकरा ट्रॅक्टर पुन्हा नांगर लावणार. कोणालाच कधी कळणार नाही की इथं काय होतं आणि ते कसं झालं होतं. मी बावीस वर्षं तोंड मिटून बसले त्याचं हे फळ समोर दिसत होतं. आणखी किती मिटायचं?

सुपारी वाटून झाल्यावर मी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसांना मी शिवी न देता, टोमणा न मारता सगळं सांगितलं. धागे, रवा, कर्ब, विरजण. चाळीस गावं. वीस मे. पहिलं डिखळ कोणाच्या रानात जाणार होतं तेही सांगितलं.

मग बालाजी, पोलीस पाटलाचा मुलगा, चांगला चाळिशीचा माणूस, म्हणाला, "म्हणजे आमच्या रानांना लागणार होतं ते?"

"हो."

"मग आता?"

"आता पुन्हा बावीस वर्षं."

तो ताडकन उठला. "अहो, मग सांगायचं होतं ना, काकू! एका शब्दानं तरी सांगायचं होतं! आम्ही काय तुमचे वैरी होतो?"

वैरी नव्हतेच ते.

मुंजाजी रानात चार पावलं गेला, वाकून एक ढेकूळ उचललं, दोन्ही हातांनी फोडून बघितलं, आणि जिथलं तिथं परत ठेवलं, अगदी हळूच. मग त्यानं आपल्या ट्रॅक्टरचा हार काढला. ट्रॅक्टर तिथंच सोडून तो भर उन्हात पायी घरी गेला. रुमाल हातातच होता, डोक्याला बांधायचंही त्याला सुचलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण पुढचं ऐका. त्या खरिपात माझ्या रानात एकरी अकरा पोती ज्वारी झाली. अकरा! दत्तराव असतानाही कधी झाली नव्हती. स्वरानं फोनवर सांगितलं, असंच होतं, काकू. बावीस वर्षांचा साठा एकदम मोकळा झाला, तो पिकाला मिळाला. घर पेटवून शेकत बसावं तसं आहे हे, पुढच्या वर्षी बघा. पण गाव पुढचं वर्ष कशाला बघतंय? बालाजी हसत हसत माझ्या दारात आला. "काकू, उगाच रडलात आणि आम्हालाही रडवलंत. नांगरटीनं सोनं झालं की!" ज्यांनी माझं ऐकून आपला नांगर बाजूला ठेवला होता, त्यांनीही परत जोडला. सांगायचं धाडस केलं, आणि माझ्याच पिकानं मला खोटं पाडलं.

दुसऱ्या साली पाच पोती. यंदा दोन. कांडी शून्य पॉइंट सात दाखवते. स्वराचं काम बंद झालं, ती कांडी माझ्याकडं ठेवून दुसऱ्या राज्यात गेली. पेट्या अजून माझ्या गोठ्यात पडून आहेत. गावात नऊ उंबरे उरले. बालाजी गेला, जाताना नांगर लोहाराला देऊन गेला. तो मला भेटायला आला नाही.

माझं शेवटपर्यंत एका माणसानंच ऐकलं. मुंजाजीनं. त्या मेपासून त्यानं आपल्या रानात नांगर घातलेला नाही. ट्रॅक्टर विकून टाकला. शून्य पॉइंट अठ्ठावीसची ती मेलेली माती, त्यात तो कुदळीनं भोकं पाडतो. आणि सगळं चुकीचं करतो हो! सोयाबीनवर परत सोयाबीनच टोकतो. धसकट जाळतो. मातीवर पांघरूण ठेवत नाही. यंदा त्याला पाच एकरांत दीड पोतं झालं. त्या पंगतीनंतर तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. मी समोर आले की वाट बदलतो. मागचा अबोला रागाचा होता, त्याच्यात निदान जीव होता. लता म्हणते, घरातही बोलत नाही. रात्र रात्र हात चोळत बसतो.

मी आता सत्तर, तो त्र्याहत्तर. बावीस मिळवून बघायची माझी छाती होत नाही.

पण रोज सकाळी मी बांधावर जाते. त्यानं मला परत दिलेल्या त्या हातभर तुकड्यावर उभी राहते, आणि मोठ्यानं बोलते. "भाऊजी, धसकट जाळू नका. तण उपटू नका, कापून तिथंच अंथरा. यंदा सोयाबीन नको, ज्वारी आणि तूर टोका, पुढच्या साली मूग. बियाणं माझ्याकडं आहे, बांधावर ठेवते." तो वर बघत नाही. कुदळ चालूच असते. बियाण्याची पिशवी मी ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी ती तिथंच असते, दव लागून ओली झालेली.

आजही तशीच होती. मी ती उचलली, झटकली, उन्हात वाळत टाकली.

"उद्या परत आणते, भाऊजी," मी म्हटलं.